शरणपूरची अट

केनियात, मोंबासात माझ्या ऑफिसच्या वाटेवर फ्रेअर टाउन लागतं. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन माणसांसाठी 1875च्या सुमारास ही वस्ती वसवली, आणि सुरुवातीला इथे आलेल्यांत आपल्या नाशिकच्या शरणपुरात शिकलेलेही होते. गुलामांची गलबतं इंग्रजी आरमाराने पकडली की त्यातली काही पोरं मुंबईमार्गे चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या वसाहतीत यायची. हातकाम शिकायची, बायबल शिकायची. 1873मध्ये आफ्रिका पालथी घालणारा मिशनरी प्रवासी लिव्हिंगस्टन तिथेच वारला, त्याचं शव शेकडो मैल चालत किनाऱ्याला आणणाऱ्यांत असलेला जेकब वेनराइट शरणपूरचाच विद्यार्थी. शरणपूर रोडवर रोज ट्रॅफिकला शिव्या घालणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

मी हे इकडे कॉलर ताठ करून सांगतो. पण जेकब वेनराइट हे काही त्याच्या आईने ठेवलेलं नाव नव्हे. आसरा मिळाला, त्याबरोबर बाप्तिस्मा आणि इंग्रजी नावही मिळालं. त्या वयात ‘नको’ कोण म्हणणार? म्हणून तिकडे भारतात धर्मांतरविरोधी कायद्यावरून वाद पेटतो आणि ‘तुम्हा ख्रिस्ती लोकांच्या सेवेत अट दडलेली असते’ असं कुणी म्हणतं, तेव्हा तो आरोप मला नुसता द्वेष म्हणून झटकता येत नाही. कृपा म्हणजे लायकी न बघता, परतफेडीची आशा न धरता दिलेलं. अट आली की उरतो तो व्यवहार.

मात्र कायद्याने ही अट शोधायची कशी? उत्तर प्रदेशच्या 2021च्या कायद्यात प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू येते, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतलं मोफत शिक्षणही येतं. या हिशेबाने नाताळच्या करंज्यांचं ताट शेजारी द्यायचं की नाही, हाही प्रश्नच. नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेत फेब्रुवारीत मेणबत्त्या लावणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात; त्यांना कुणी कसलं प्रलोभन दाखवलं म्हणायचं?

माझी मावशी निवृत्त नर्स आहे. गल्लीतल्या म्हाताऱ्यांचं बीपी बघायचं, जखमेचं ड्रेसिंग बदलायचं, निघताना डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यं प्रार्थना करायची, हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. आता भाऊ तिला म्हणतो, ‘मावशी, बीपी बघ, पण प्रार्थना नको. कुणी व्हिडिओ काढला तर?’ परवा तर म्हणाला, जाऊच नकोस.

इथे मोंबासात उलटा प्रकार. किनाऱ्यावर मुस्लिम वस्ती मोठी असली तरी देश ख्रिस्तीबहुल, त्यामुळे ख्रिस्ती असण्याला काही किंमत मोजावी लागत नाही. प्रेमसुद्धा माइकवरून चालतं. चर्चच्या मंडळीतलं कुणी दवाखान्यात पडलं की व्हॉट्सॲपवर यादी फिरते: नाव, पुढे रक्कम, मोबाइलवरून पैसे आले की खाली पुढचं नाव. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणणाऱ्या प्रभूच्या नावाने हे चालतं! सुरुवातीला मला ओशाळल्यासारखं व्हायचं. पण बिल भरलं जातं, आणि रुग्ण उपासनेला येतो की नाही हे निदान आमच्या यादीत तरी कुणी विचारत नाही. नाशकातल्या आमच्या मंडळीत मात्र माणूस बाप्तिस्मा घेऊन दोन पिढ्या झाल्या तरी सोयरीक जुळवताना मूळची जात हळूच काढली जाते. बाहेरच्यांना ‘आमची सेवा निरपेक्ष’ म्हणून पत्रकं काढण्याआधी ते बंद केलेलं बरं.

मला विचाराल तर भीतीने आखडलेल्या सभ्यतेपेक्षा ही गाजावाजा करणारी यादी बरी. मावशीने जावं. प्रार्थना करायची तर आधी विचारून करावी, नको म्हणाले तर ड्रेसिंग तितक्याच निगुतीने करावं आणि उद्या पुन्हा जावं. फोनवर मी तिला हेच सांगितलं. भावाला ते पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, तू तिकडे बसून धीर देतोस, पोलीस आले तर दार मला उघडायचंय. यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मावशी मात्र गुरुवारी जाऊन आली.