व्हडल्या दिवाळीचा हिरवा

काल म्हापशाच्या रंगाच्या दुकानात माझ्या आजोबांच्या मॉरिसचं तुळशीवृंदावन झालं. डोकं अजून तापलेलंच आहे.

गाडी १९५८ची, मायनर १०००. नावात हजार, पोटात ९४८ सीसी. मेस्तांनी, म्हणजे आमच्या मेकॅनिकने, 'बरें दिसता' म्हणून रॉकर कव्हरला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाला, चांदीचा रंग फासला. कारखान्यातून ते हिरवं आलं होतं, ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धडही हिरवं. एसयू कंपनीचा कार्ब्युरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग, उघड्या अ‍ॅल्युमिनियमचा. तोही मेस्तांनी घासून इतका चकचकीत केलाय की त्यात बघून दाढी करावी. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षकाने दोन्हींचे गुण कापले. मेस्तांचे नाही, माझे.

पण हिरवा म्हणजे कुठला? दोन रविवार रॉकेल आणि टूथब्रश घेऊन बसलो, तेव्हा ब्लॉकच्या कोपऱ्यात, तेलाच्या गाळाखाली मूळ रंग सापडला. नखाएवढी खपली काडेपेटीत घालून दुकानात नेली.

काउंटरवर एक काका टेकले होते. त्यांच्यासमोर वृंदावनाच्या गिलाव्याचा हिरवा तुकडा. तुळशीचं लग्न, म्हणजे आमची व्हडली दिवाळी, जवळ आलेली.

"कितें तें?"

"मोरिसाच्या इंजिनाचो रंग."

"इंजीन काळें आसता."

"ना, हें पाचवें." म्हणजे हिरवं. "अठ्ठावनाचें."

"अठ्ठावनांत तूं आशिल्लो?"

"ना."

"हांव आशिल्लों."

यावर काय बोलणार? त्यांनी म्हणे गावच्या डॉक्टरच्या मॉरिसचं बॉनेट उघडं पाहिलं होतं. आत सगळं काळं. तो मळ असेल, म्हटलं. "दोतोराची गाडी मेळी?" असं त्यांनी अशा आवाजात विचारलं की दुकानातली चार डोकी माझ्याकडे वळली. गोव्यात माणसाला गाडी नसली तरी गाडीबद्दल मत असतं, आणि ते मत गाडीपेक्षा जास्त काळ टिकतं.

या गडबडीत दुकानदाराने यंत्राखाली गिलाव्याचा तुकडा ठेवला आणि डब्याचं बिल माझ्या नावावर फाडलं. एक लिटर. मला लागणार होता कपभर.

"हा वृंदावनाचा रंग आहे!"

"पाचवोच न्हय? मिक्स केल्लो रंग परत घेनात."

पैसे मोजले. का मोजले, हे बायकोनेही विचारलं. खपली तरी घरी न्यावी म्हणून काडेपेटी शोधू लागलो. काका दाराबाहेर तोंडात विडी धरून उभे होते. त्यांनी माझी पेटी उघडली, उलटी केली, गटारावर दोनदा झटकली आणि मला म्हणाले,

"हातूंत काडी ना रे."