यादीत पहिली, पण कशात?

जगातल्या मोठ्या बँकांच्या वेल्थ मॅनेजमेंट विभागांची, म्हणजे श्रीमंत ग्राहकांचा पैसा गुंतवून सांभाळणाऱ्या विभागांची, तुलना करणारा एक तक्ता सध्या सगळीकडे फिरतोय. माझ्याकडे तो चार जणांकडून आला. रकाने साधे आहेत: बँकेचं नाव, तिच्याकडे असलेली ग्राहकांची मालमत्ता, पाच वर्षांत त्यात झालेली वाढ आणि विभागाचा नफा. खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: "ज्या बँकेकडे सर्वांत जास्त पैसा, तीच पैसा सर्वांत चांगला सांभाळते. श्रीमंत माणसं मूर्ख नसतात. वरच्या पाचांतली एक निवडा आणि निश्चिंत झोपा."

आकड्यांशी माझं भांडण नाही. बँकेनं किती पैसा गोळा केला, हे ते सांगतात. त्या पैशाचं पुढे काय झालं, याचा रकानाच तक्त्यात नाही, आणि निष्कर्ष मात्र नेमका त्याबद्दल काढलेला आहे.

"जास्त मालमत्ता, म्हणजे चांगली कामगिरी"

मालमत्तेचा आकडा, म्हणजे एयूएम, फुगण्याचा सर्वांत झटपट मार्ग म्हणजे दुसरी संस्था विकत घेणं. सप्टेंबर 2008 मध्ये ऐन पडझडीत बँक ऑफ अमेरिकानं मेरिल लिंच ही गुंतवणूक-सल्ला देणारी बडी कंपनी घ्यायचं ठरवलं आणि 1 जानेवारी 2009 ला तो व्यवहार पूर्ण झाला. मेरिलचे सल्लागार आणि त्यांचे ग्राहक एका रात्रीत नव्या मालकाच्या खात्यात जमा. मॉर्गन स्टॅन्लीनं 2009 मध्ये स्मिथ बार्नी या दलाली कंपनीच्या भागीदारीतून आणि 2020 मध्ये ई-ट्रेड ही ऑनलाइन दलाली कंपनी घेऊन हेच केलं. धंदा म्हणून हे डावपेच हुशारीचेच होते. पण त्या रात्री एकाही ग्राहकाच्या पोर्टफोलिओत एका पैचीही भर पडली नाही.

यूबीएस या स्विस बँकेचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. 2022 च्या अखेरीस या गटाकडे सुमारे 4 लाख कोटी डॉलरची गुंतवलेली मालमत्ता होती, ती वर्षभरात 5.7 लाख कोटींच्या घरात गेली. या उडीतला मोठा भाग तिनं 2023 मध्ये विकत घेतलेल्या क्रेडिट स्वीस या दुसऱ्या स्विस बँकेबरोबर आला. म्हणजे एक बँक कोसळली आणि त्यामुळे दुसरीची "कामगिरी" सुधारली!

"पाच वर्षांत मालमत्ता वाढली, म्हणजे परतावा दिला"

दोन बँका घ्या. दोघींकडे सुरुवातीला 100. पहिलीनं ग्राहकांचे 5 बुडवले, पण तिच्या विक्री विभागानं 25 नवे आणले. अखेरची शिल्लक 120. दुसरीनं 10 कमावून दिले आणि ग्राहकांनी तेवढेच आपल्या गरजेसाठी काढून घेतले. शिल्लक 100. तक्त्यात पहिली 20 टक्के वाढलेली आणि दुसरी जागच्या जागी थिजलेली. तुमचा पैसा तुम्ही कोणाकडे दिला असता?

म्हणूनच बँका आपल्या अहवालात "निव्वळ नवा पैसा" वेगळा दाखवतात आणि बाजारामुळे, चलनामुळे झालेला बदल वेगळा. तक्ता करणाऱ्यानं या ओळी गाळल्या. चलनाची गंमत पाहायची असेल, तर 15 जानेवारी 2015 हा दिवस आठवा. स्विस नॅशनल बँकेनं युरोमागे 1.20 फ्रँकची मर्यादा अचानक सोडली आणि फ्रँक उसळला. फ्रँकमध्ये हिशेब लिहिणाऱ्या बँकांकडची डॉलरमधली मालमत्ता त्या दिवशी कागदावर आकसली. ग्राहकाचे डॉलर होते तेवढेच होते. यूबीएस 2018 च्या अखेरच्या तिमाहीपासून हिशेब डॉलरमध्ये मांडू लागली. हिशेबाचं चलनच मध्ये बदललेली बँक आणि न बदललेली बँक एका रकान्यात बसवायची, तर आधी चाळणी लावावी लागते.

"श्रीमंत माणसं मूर्ख नसतात"

मूर्ख नसतात, पण तीही फसतात. डिसेंबर 2008 मध्ये बर्नार्ड मॅडॉफ या अमेरिकी गुंतवणूक व्यवस्थापकाचा घोटाळा फुटला (नव्यांच्या पैशातून जुन्यांना परतावा), तेव्हा सान्तांदेर या स्पॅनिश बँकेच्या ऑप्टिमल फंडांमधून ग्राहकांचे 2.33 अब्ज युरो त्यात अडकल्याचं उघड झालं. त्यात मोठ्या संस्था होत्या आणि प्रायव्हेट बँकिंगचे ग्राहकही. पुढे चला.

"विभागाचा नफा वाढला, तर ग्राहकाचाही वाढलाच असणार"

तक्त्यावरून निघणारा सर्वांत दिशाभूल करणारा अर्थ हा. वेल्थ मॅनेजमेंटचा नफा मुख्यतः दोन वाटांनी येतो: ग्राहकाकडून घेतलेलं शुल्क आणि त्याच्या रोख शिलकीवर व कर्जावर मिळणारं व्याज. दोन्ही वाटा ग्राहकाच्या खिशातून निघतात.

रोख शिलकीचंच घ्या. शेअर विकले, लाभांश आला, की ती रक्कम आपोआप बँकेच्या एखाद्या ठेव खात्यात जाऊन पडते. मार्च 2022 पासून अमेरिकेतले व्याजदर शून्याजवळून चढत जुलै 2023 पर्यंत 5.25 ते 5.50 टक्क्यांच्या पट्ट्यात पोचले. बँकेला या पैशावर बाजारभावानं व्याज मिळू लागलं, पण ग्राहकाच्या खात्यात मात्र अनेक ठिकाणी जुनाच किरकोळ दर चालू राहिला. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या एसईसी या नियामकानं याच कारणावरून वेल्स फार्गोच्या सल्लागार कंपन्या आणि मेरिल यांच्याकडून मिळून 6 कोटी डॉलरचा दंड वसूल केला. आपोआप मिळणारा दर आणि सहज उपलब्ध असलेल्या दुसऱ्या पर्यायांचा दर यांत काही काळ जवळपास 4 टक्क्यांची तफावत होती, असं नियामकाचं म्हणणं. तुमच्या रोख रकमेवरचे ते 4 टक्के बँकेच्या नफ्याच्या रकान्यात "उत्तम कामगिरी" म्हणून दिसतात.

शुल्काची कथा याहून जुनी. डिसेंबर 2015 मध्ये जेपी मॉर्गनच्या वेल्थ विभागाला 30.7 कोटी डॉलर भरावे लागले. ग्राहकांचा पैसा बँकेच्या स्वतःच्या फंडांकडे झुकवला जात होता आणि ही बाब त्यांना नीट सांगितलेली नव्हती. आपल्याच दुकानातला माल आधी दाखवण्याची ही खोड एकाच बँकेची नाही. फंड कंपन्यांकडून सल्लागाराला मिळणारं कमिशन ब्रिटननं 2012 च्या अखेरीस बंद केलं, ते काही उगाच नाही.

आणि शुल्क किती खातं? 100 रुपये 6 टक्क्यांनी 20 वर्षं वाढले, तर सुमारे 321 होतात. दरवर्षी 1 टक्का शुल्कात गेला आणि 5 टक्के हाती राहिले, तर 265. मधले 56 कोणाच्या तरी नफ्यात गेले. भागधारक म्हणून तुम्ही त्या बँकेवर खूश असाल, तर तुमचं बरोबर आहे. ग्राहक म्हणून त्याच आकड्यावर खूश होणं मला कळत नाही.

"मग थेट परतावेच लावा की शेजारी शेजारी"

तक्त्यावर हरकत घेतली, की कोणीतरी हे सुचवतंच. दिशा बरोबर आहे, पण यातही एक खड्डा आहे. तुम्ही 100 दिले, पहिल्या वर्षी 50 टक्के वाढून 150 झाले. रिलेशनशिप मॅनेजरचा फोन आला, तुम्ही आणखी 850 टाकले. एकूण 1000. दुसऱ्या वर्षी 20 टक्के पडझड, उरले 800. बँकेच्या माहितीपत्रकात दोन वर्षांचा परतावा अधिक 20 टक्के. तुमच्या खिशातून 950 गेले आणि हाती 800 आहेत. गंमत म्हणजे बँक खोटं बोलत नाही. पैसा कधी आला-गेला याचा परिणाम बाजूला काढून व्यवस्थापकाचं कौशल्य मोजायची ती मान्य पद्धत आहे. फक्त, पैसा कधी टाकायचा हे ज्यानं सुचवलं, त्याचं कौशल्य त्यात मोजलं जात नाही.

परतावा कसा मोजायचा आणि कसा दाखवायचा, याची जिप्स नावाची जागतिक मानकं आहेत. ती पाळणाऱ्या संस्थेला, गुंतवणुकीचे निर्णय तिच्या हातात असलेली सगळी सशुल्क खाती कुठल्या ना कुठल्या गटात धरावी लागतात. चांगली तेवढी वेचता येत नाहीत. पण वेल्थ विभागातल्या पुष्कळ खात्यांत बँक फक्त सुचवते आणि होकार ग्राहक देतो. ती खाती या हिशेबाबाहेर. शिवाय एका बँकेचा "संतुलित" पोर्टफोलिओ 40 टक्के शेअरचा आणि दुसरीचा 60 टक्क्यांचा असेल, तर तेजीत दुसरी जिंकणारच. म्हणून जोखीम सारखी, चलन एक, शुल्क वजा केलेलं आणि नमुन्याच्या पोर्टफोलिओऐवजी खऱ्या खात्यांचा परतावा मागा. एवढी माहिती बँका सहसा जाहीर करत नाहीत, त्यामुळे असा तक्ता तुमच्या फोनवर येणं कठीणच.

"वरच्या पाचांतली निवडा आणि निश्चिंत झोपा"

मोठेपणाचे फायदे आहेत, हे मान्य. संशोधन, अनेक देशांतली सोय, मोठं कर्ज देण्याची ताकद. पण बँकेच्या ताब्यात नुसते ठेवलेले तुमचे शेअर तुमचेच असतात, आणि ठेव म्हणजे तुम्ही बँकेला दिलेलं कर्ज. बँकेचे स्वतःचे रोखे घेतले असतील, तर तुम्ही थेट तिच्या नशिबाला बांधलेले. तक्ता हा फरक करत नाही.

2021 च्या अखेरीस क्रेडिट स्वीसकडे सुमारे 1.6 लाख कोटी फ्रँकची मालमत्ता होती. त्या वेळी हाच तक्ता कोणी केला असता, तर ती अगदी ठसठशीत जागी दिसली असती. 2022 च्या शेवटच्या तिमाहीत तिच्यातून 110.5 अब्ज फ्रँक बाहेर गेले. 19 मार्च 2023 ला ती 3 अब्ज फ्रँकना यूबीएसला विकली गेली आणि तिचे सुमारे 16 अब्ज फ्रँकचे एटी-वन रोखे, म्हणजे बँक संकटात आली तर बुडवता येतात असे रोखे, शून्य करण्यात आले. ते रोखे घेणाऱ्यांत वेल्थ मॅनेजमेंटचे ग्राहकही होते.