फांदी कोणती तोडायची ते ठरते, कोण तोडणार ते नाही

नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत एक जुना विलायती शिरीष आहे. तीन वर्षांपूर्वी त्याच्या दोन फांद्या विजेच्या तारांना टेकू लागल्या, म्हणून सचिव या नात्याने मी रीतसर अर्ज केला, पाहणी झाली आणि यथावकाश छाटणीच्या परवानगीचे पत्र हाती आले. त्या पत्रात झाडाची जात होती, बुंध्याचा घेर होता, कारण होते, मुदतही होती. छाटणी कोण करणार आणि त्याला ते काम येते का, याविषयी मात्र एक शब्दही नव्हता. आम्हीही ते विचारले नाही. ‘मजुरी नको, लाकूड तेवढे मी नेतो’ असे म्हणणारा माणूस आम्हाला परवडणारा वाटला, आणि दुपारी दोनपर्यंत झाडाचा खांब करून, टेम्पो भरून तो निघून गेला.

पुढच्या पावसाळ्यात त्या खांबाच्या टोकाला फुटव्यांचा हिरवागार झुपका आला, तेव्हा ‘बघा, झाड जगले’ म्हणून आम्ही समाधान मानले. शेंडा उडवलेल्या झाडाचे असे फुटवे जुन्या फांदीसारखे खोडाच्या गाभ्यातून निघालेले नसतात. ते सालीलगतच्या थरातून फुटतात, भराभर वाढतात, आणि त्याच वेळी खालच्या उघड्या कापातून कूज आत उतरत असते. गेल्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने त्यातला मनगटाहून जाड झालेला एक फुटवा मुळापासून सुटून खालच्या दुचाकीवर पडला. सुदैवाने गाडीवर कोणी नव्हते. बैठकीत मात्र ‘झाडच धोकादायक आहे, काढून टाका’ असा सूर निघाला, आणि आपण केलेल्या चुकीची शिक्षा झाडाला कशी सुनावली जाते हे मी प्रत्यक्ष पाहिले.

‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ हा या विषयावरचा आपला मुख्य कायदा. वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी त्यातूनच आले. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधनही घातले. म्हणजे झाड किती जुने आहे याची कायद्याला काळजी आहे. फक्त त्यावर करवत चालवणाऱ्या हाताची चौकशी कोठेच होत नाही. घरात वायर ओढणाऱ्याला परवाना लागतो. साठ फूट उंचीवर, विजेच्या तारांशेजारी, दोर कमरेला बांधून पेट्रोलचा कटर चालवणाऱ्याला काहीही लागत नाही.

इतर देशांत काय चालते, याविषयी आपल्याकडे थोडी गल्लत होते. परवाना सरकार देते आणि त्याशिवाय काम करणे बेकायदा ठरते. प्रमाणपत्र व्यावसायिक संस्था देते आणि ते ऐच्छिक असते. अमेरिकेतील मेरीलँड, कनेक्टिकट अशा काही राज्यांत पैसे घेऊन झाडांची निगा राखणाऱ्याला परवाना सक्तीचा आहे, तर अनेक राज्यांत तसे काहीच नाही. ब्रिटनमध्ये स्वतःला ‘ट्री सर्जन’ म्हणवून घेण्यासाठी परवाना लागत नाही, पण कामावर यांत्रिक करवत हाती घेणाऱ्याने तिचे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर’ या व्यावसायिक संस्थेचे आर्बोरिस्ट (झाडांची निगा राखणारा जाणकार) प्रमाणपत्र ऐच्छिक आहे, त्याच्या परीक्षेला बसण्यासाठी साधारणपणे तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि ते दर तीन वर्षांनी टिकवावे लागते. झाडावर चढून काम करणाऱ्यांसाठी त्याच संस्थेची वेगळी परीक्षा आहे, तिच्यात प्रत्यक्ष चढून दाखवावे लागते. मला यातली ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. (आपल्याकडे ‘आर्बोरिस्ट’ला शब्दच नाही, वर्तमानपत्रांत जो तो ‘वृक्षप्रेमी’ असतो, आणि प्रेमाला परीक्षा नसते.)

शिकायचे तरी काय, असे कोणी विचारील. अमेरिकेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवून दिले की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही; झाड त्या कुजक्या भागाभोवती भिंत घालून त्याला कोंडते आणि पुढे वाढते. फांदी जिथे खोडातून निघते तिथला फुगीर भाग ही भिंत घालायला मदत करतो, म्हणून काप त्याच्या बाहेर घ्यायचा. खोडाला लागून सपाट कापायचे नाही, लांब खुंटही ठेवायचा नाही. जड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून, आणि शेवटी उरलेला खुंट. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल ओरबाडून नेते. कापावर काहीतरी फासले की काम झाले, ही समजूतही शायगोंनी खोडून काढली. हे शिकायला पदवी लागत नाही, दाखवणारा मात्र लागतो.

आणि हे नाशिकला सांगावे लागावे याचे मला नवल वाटते. द्राक्षवेलीची खरड छाटणी आणि गोडी छाटणी यांतला फरक इथल्या शाळकरी पोराला कळतो; पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या बागांवर येणाऱ्या टोळ्यांमधला मजूर सबकेनची (शेंडा खुडल्यावर फुटलेल्या उपकाडीची) गाठ पाहून, काडीवरचे डोळे मोजून कात्री चालवतो, आणि कोणत्या टोळीचा हात चांगला हे बागायतदाराला बरोबर ठाऊक असते. डोळा चुकला तर त्याचे पीक जाते. रस्त्यावरच्या झाडाची फांदी चुकीची कापली तर लगेच कोणाचेच काही जात नाही, आणि ज्याचे जायचे ते चार वर्षांनी, वळवाच्या वाऱ्यात जाते.

कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावावरून २०२५ च्या अखेरीस शहर रस्त्यावर उतरले, ते योग्यच होते. पण तोडीवर आपण जितके बोलतो त्याच्या दहाव्या हिश्शानेही छाटणीवर बोलत नाही.

सक्तीचा परवाना आजच आणावा, असे मी म्हणणार नाही. त्यातून एक नवी खिडकी आणि तिच्यासमोर एक नवा दलाल उभा राहील, आणि ज्याला लिहिता येत नाही पण झाड कळते तोच माणूस आधी बाहेर फेकला जाईल. महापालिकेने मराठीतून, तोंडी आणि प्रत्यक्ष झाडावर चाचणी घ्यावी, उत्तीर्ण झालेल्यांची यादी लावावी, आपल्या निविदांत आणि छाटणीच्या परवानगीपत्रांत त्याच यादीतील माणूस बंधनकारक करावा. हेल्मेट, दोर आणि अपघात विमा त्यातच येऊ द्यावा. शिवाय किती कापायचे हे सांगणारा आणि लाकूड वखारीत विकणारा हे दोघे एकच नसावेत. आमच्या शिरिषाचा खांब अज्ञानाने जितका झाला, तितकाच या हिशेबानेही झाला.

बैठकीत अखेर झाड राखायचे ठरले. यंदा आम्ही मजुरी रोख दिली आणि लाकूड सोसायटीतच ठेवले. एका रोपवाटिकेच्या मालकाने पाठवलेला हरसूलकडचा तरुण आला. वर चढण्याआधी तो झाडाभोवती दोनदा फिरला, कमकुवत फुटवे काढून दणकट तेवढे राखले, आणि जाड फुटव्याला पहिला काप खालूनच घेतला. काम संपल्यावर मी त्याला विचारले की हे शिकल्याचा काही कागद आहे का, तर तो हसला. दुसऱ्या सोसायटीत दाखवता यावे म्हणून मी आमच्या लेटरहेडवर त्याला चार ओळी लिहून, शिक्का मारून दिल्या.