लोड मारला नाही म्हणून तिला हसू नका

आज दुपारी एका ग्रुपवर माझ्या धाकट्या बहिणीला सगळ्यांनी मिळून वेड्यात काढलं. कारण काय, तर बाल्डर्स गेट ३ या कॉम्प्युटर गेममध्ये तिच्या हातून इझोबेल नावाचं पात्र मेलं आणि तरी तिने जुना सेव्ह लोड केला नाही, म्हणजे आधी साठवलेल्या जागी परत जाऊन चूक पुसली नाही. "पाच मिनिटांचं काम होतं गं", "एवढं कोण मनाला लावून घेतं?" वगैरे. तेव्हा मी गप्प बसले. आता बसवत नाही.

खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगते. लास्ट लाइट इन नावाच्या सराईच्या चारही बाजूंना शापाचा अंधार आहे आणि आत जी माणसं जिवंत आहेत ती इझोबेल या पुजारणीने धरलेल्या चंद्रप्रकाशाच्या कवचामुळे. तिला पळवायला मार्कस नावाचा शत्रू येतो, सोबत पंखवाली भुतावळ. खोली केवढीशी! बहिणीने घाईत फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, टाकला. फायरबॉल आपला-परका बघत नाही. टाकणारा जादूगार इव्होकेशन शाखेचा असेल तरच सोबतची माणसं वाचतात, तिचा नव्हता. भुतावळ भाजली आणि आधीच घायाळ झालेली इझोबेलही. कवच विझलं, आणि खाली ज्यांच्याशी थोड्या वेळापूर्वी गप्पा झाल्या होत्या, तीच माणसं शापाने बाटून अंगावर धावून आली. मी शेजारीच बसले होते. तिने माउसवरचा हात काढून घेतला होता.

त्यात डॅमन लोहारही गेला. आता कारलाख, बहिणीच्या सोबत फिरणारी साथीदार. तिच्या छातीत हृदयाच्या जागी नरकातलं इंजिन आहे, तिला हात लावाल तर भाजाल. डॅमनने पहिली दुरुस्ती केली होती, दुसरी राहिली होती. ती झाली असती तर बिचारीला कित्येक वर्षांनी कुणाला तरी मिठी मारता आली असती. एक फायरबॉल चुकला आणि ज्या बाईचा त्या खोलीशी काही संबंध नव्हता, तिचं सुख गेलं. परिणाम म्हणतात तो हा! आणि तुम्ही म्हणता लोड मार.

ऑब्लिव्हियन या गेमने २००६ मध्ये सोय करून ठेवली. कथेला लागणारी माणसं मरतच नाहीत. बेशुद्ध पडतात आणि थोड्या वेळाने उठून आपल्या कामाला लागतात. तलवार भोसकलेला माणूस उठून पुन्हा पुढची कामगिरी सांगतो, याला जग म्हणायचं? त्याच कंपनीच्या २००२ च्या मॉरोविंडमध्ये असा माणूस मेला की गेम तोंडावर सांगायचा की भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह लावा नाहीतर या बुडालेल्या जगात राहा. राहायची मुभा होती! खेळणाऱ्याला मोठं माणूस समजत होते तेव्हा.

डार्क सोल्स नावाच्या गेममध्ये तर गेम स्वतःच सेव्ह करत राहतो, मागे जायची सोयच नाही. बोलायला जाताना चुकून हल्ल्याचं बटण दाबलं गेलं, आंद्रे लोहार चिडला आणि मारामारीत मेला, तर मेला. ऑस्वाल्ड नावाच्या पात्राकडे जाऊन पापाची क्षमा मागता येते, आपल्या प्रत्येक लेव्हलमागे ५०० सोल्स (तिथलं चलन) मोजून. पण त्याने चिडलेले शांत होतात, गेलेले परत येत नाहीत.

मान्य, रात्री जेमतेम तासभर खेळायला मिळणाऱ्याने एका चुकीच्या बटणासाठी सगळं का गमवावं, हा प्रश्न रास्त आहे. मारा लोड, कोणी अडवलंय? पण जो मारत नाही त्याला हसायचा अधिकार कुठून आला?

आणि लोड मारून सुटलात असं वाटत असेल तर अंडरटेल खेळा. टोरिएल नावाच्या मायाळू पात्राला सोडायचंच असतं, तिला जरा थकवावं म्हणून मारत राहतो, आणि एक घाव अचानक इतका मोठा बसतो की ती मरते. मागे जाऊन तिला वाचवलं तरी पुढे फ्लावी नावाचं बोलणारं फूल भेटतं आणि सांगतं, तू काय केलंस ते मला माहीत आहे. २०१५ चा साधासा दिसणारा गेम. पण काय ताकद आहे!

असो. राग जरा उतरला. बहिणीचं सांगायचं तर त्या दिवसापासून तिने कारलाखला सोबतच्या चमूतून एकदाही काढलेलं नाही. मंत्र टाकायच्या आधी तो कुठवर पोचेल ते दाखवणारं वर्तुळ इकडून तिकडे सरकवत बसते, कोण आत सापडतंय ते बघत. गेममधला विदर्स नावाचा एक जण २०० सोन्याच्या नाण्यांत मेलेल्यांना उठवतो, पण फक्त आपल्या साथीदारांना. डॅमनसाठी काही होईल का म्हणून तिने त्यालाही विचारून पाहिलं. या गेममध्ये मेलेल्यांशी बोलायचा मंत्र आहे, मात्र ज्याने मारलं त्याच्याशी प्रेत बोलत नाही, वेश बदलून जावं लागतं. हे कळल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. हे सगळं लोड मारणाऱ्याच्या वाट्याला कुठून येणार?

तिसऱ्या अंकात पोचलीय आता. शेवट कोणीही तिच्यासमोर बोलायचा नाही. कारलाखसाठी अजून काही करता येण्यासारखं असेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा, ग्रुपवर नको.