पिशवीवाला

घरातून निघताना माझं वजन 68 किलो असतं. थीम पार्कच्या फाटकातून आत गेल्यावर अर्ध्या तासात ते पंचाहत्तरच्या पुढे जातं. दोन सॅक, तीन मोबाइल, चार चष्मे, एक टोपी, किल्ल्यांचे दोन जुडगे, एक छत्री आणि मागच्या खेपेला तर एका अनोळखी गृहस्थांचं श्रवणयंत्र. "एवढं धरता का, दोनच मिनिटं," म्हणत त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि रांगेकडे धूम ठोकली. रांग सव्वा तासाची होती. ते परत आल्यावर मी जे काही बोललो ते त्यांना अर्थातच ऐकू गेलं नाही.

माझी बायको रोलर कोस्टरवाली आहे. तिला रोलर कोस्टर आवडतात असं म्हणणं म्हणजे माशाला पोहायची हौस आहे म्हणण्यासारखं. आमच्या पहिल्याच भेटीत तिने मला विचारलं होतं, "तुझे किती?" मी म्हणालो, "दोन भाऊ, एक बहीण." तिला क्रेडिट विचारायचे होते. क्रेडिट म्हणजे आयुष्यात बसून झालेला एक वेगळा कोस्टर. त्याच कोस्टरवर शंभरदा बसलात तरी क्रेडिट एकच. तिचे तेव्हा 41 होते. माझा आकडा शून्य आहे हे कळल्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी करुणेची समजलो. आता वाटतं, ती हिशेबाची होती. हा वर येणार नाही, म्हणजे सामान सांभाळायला माणूस मिळाला.

तिची एक वही आहे. कुठला कोस्टर, कितवी रांग, ऊन होतं की पाऊस, एअरटाइम किती. एअरटाइम म्हणजे उंचवट्यावरून जाताना बूड सीटवरून सुटतं ती वेळ. माझ्या मते ही तक्रार नोंदवण्याची बाब आहे. हे लोक त्याचे गुणगान करतात. त्यातही प्रकार आहेत. हळूच तरंगवणारा तो 'फ्लोटर' आणि मांडीवरच्या दांड्यावर आपटून भिरकावू पाहणारा तो 'इजेक्टर'. दुसरा अधिक प्रतिष्ठित.

त्या वहीवरून आमच्याकडे वाद होतात. तिची मित्रमंडळी जमली की विषय निघतो: जुन्या लाकडी कोस्टरवर पोलादी रूळ टाकले, तर ते नवं क्रेडिट धरायचं की जुनंच? एकाच नावाचे दोन रूळ शेजारी शेजारी असतील तर एक की दोन? रात्री दीडपर्यंत हे चालतं. एकदा मी, केवळ झोप यावी म्हणून, म्हणालो, "दीड धरा." त्यानंतर दोन महिने मला बैठकीत बसू दिलं नाही. हा वेडेपणा घरगुती नाही. अमेरिकेत या लोकांची 1978 पासून रीतसर संघटना आहे.

आणि बातम्या! जगाच्या पाठीवर कुठे खड्डा खणला, कुठे ट्रकवरून रुळाचे तुकडे गेले, त्या तुकड्यांच्या आकारावरून बनवणारी कंपनी कोणती, हे सगळं आमच्याकडे रात्रीतून कळतं. 28 फेब्रुवारी 2025 रोजी तर घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. मी दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?" ती म्हणाली, "किंगडा का." मला वाटलं दूरचे कोणी नातेवाईक असतील. तो न्यू जर्सीतला 139 मीटर उंचीचा कोस्टर होता. 2005 पासून तो माणसांना साडेतीन सेकंदांत ताशी 206 किलोमीटरच्या वेगाने भिरकावत आला होता आणि त्या दिवशी त्याचा मनोरा सुरुंग लावून पाडला. पडतानाचं चित्रीकरण तिने सहा वेळा पाहिलं. मी सातव्यांदा पाहिलं, एकट्याने, समाधानाने.

आता तुम्ही म्हणाल, एवढी माहिती या भित्र्याला कशी? त्याचं असं आहे की धाडसी माणसाला माहितीची गरज नसते, तो बसून मोकळा होतो. नाही म्हणायला सबळ कारणं लागतात ती आम्हाला. शिवाय बाकावर सव्वा तास बसलेला माणूस दुसरं काय करणार? मी वाचत गेलो. पण मी आणलेलं प्रत्येक हत्यार शेवटी माझ्याच पायावर पडलं.

उदाहरणार्थ, लूप. मी एकदा विजयी मुद्रेने सांगितलं की 1895 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला 'फ्लिप फ्लॅप रेल्वे' नावाचा उलटा फिरवणारा कोस्टर होता, त्याचा लूप अगदी गोल होता आणि त्यात माणसांच्या माना दुखावत. ती म्हणाली, "गोल होता म्हणूनच." मग तिने गॅसच्या बिलामागे आकृती काढली. खाली वेग सर्वात जास्त, त्यात वळण अचानक आवळलं की सगळा दाब मानेवर. म्हणून आताचा लूप गोल नसतो, उलट्या थेंबासारखा असतो. वळण खाली ऐसपैस, वर आवळलेलं. कॅलिफोर्नियात 1976 साली असा लूप बांधला, वेर्नर श्टेंगेल नावाच्या जर्मन अभियंत्याने त्याचं गणित केलं. "आता बसशील?" मी म्हणालो, गॅसचं बिल भरायचंय.

मग मी ट्रेन रुळावरून उडण्याचा मुद्दा काढला. त्यावरही उत्तर तयार. जॉन मिलर नावाच्या माणसाने 1919 सालीच पेटंट घेऊन ठेवलंय. चाकं रुळाच्या वर असतात, बाजूला असतात आणि खालूनही असतात. म्हणजे ट्रेन रुळाला तिन्ही बाजूंनी धरून ठेवते. मी विचारलं, त्याआधी काय करायचे? पेन्सिल्वेनियात 1902 सालचा 'लीप द डिप्स' अजून उभा आहे, त्याला खालची चाकं नाहीत, हे तिने सांगितलं खरं, पण तोंडाला पाणी सुटल्यासारखं सांगितलं.

कहर झाला तो मला मुतखडा झाला तेव्हा. मी अंथरुणात वेटोळं घालून पडलेलो. ही उशाशी आली, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "शेवटच्या रांगेत बसायचं." अमेरिकेतल्या एका डॉक्टरच्या रुग्णांचे म्हणे डिस्नेच्या 'बिग थंडर माउंटन'वर बसून खडे पडले. मग त्याने मूत्रपिंडाची प्रतिकृती केली, तिच्यात खडे घातले, ती सॅकमध्ये ठेवली आणि सॅकला पुन्हा पुन्हा त्या कोस्टरवर फिरवून आणलं. 2016 साली निष्कर्ष छापून आले. पुढच्या भागात बसल्यावर जेमतेम 17 टक्के खडे निघाले, शेवटच्या भागात जवळजवळ 64. ट्रेनचं पुढचं वजन उताराला लागलं की शेपटाला हिसका बसतो, हे त्यामागचं साधं कारण. 2018 साली या संशोधनाला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस. मला मात्र त्या संशोधनातलं एकच वाक्य लागलं. त्या लोकांनी सॅकलाही वर नेलं. खाली कोणाकडे सांभाळायला दिली नाही.

अशा या दिवसांत मला एकच आधार होता, माझी मुलगी. ती उंचीला कमी होती. प्रत्येक कोस्टरच्या तोंडाशी एक रंगीत पट्टी असते आणि डोकं तिच्या खाली असेल तर प्रवेश नाही. आई वर किंचाळत असताना आम्ही दोघं बाकावर बसून ढग मोजत असू. लोक मुलांना उंच हो म्हणतात. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवताना तो किंचित दाबून फिरवत असे.

तिच्या आईलाही तिचा वेगळा उपयोग होता. प्रत्येक पार्कात लहान मुलांसाठी एक अळी असते. हिरवी, हसरी, चार मीटर उंचीची, चाकांची अळी. तीही क्रेडिटमध्ये धरतात. पण बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसाला त्यात एकटं बसू देत नाहीत, सोबत लहान मूल लागतं. त्यामुळे चाळीशीतली भारदस्त माणसं ओळखीपाळखीतल्यांची पोरं मागून आणतात. मुलगी झाली तेव्हा माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मातृत्वाचं असणारच, पण त्यातला काही भाग अळ्यांचा असावा असा मला संशय आहे.

तर गेल्या खेपेला आम्ही गेलो, आणि पट्टीपाशी मुलीचं डोकं वर निघालं. बोटभर. मी म्हणालो, केस फुगलेत. पट्टीवाल्याने तळहाताने केस दाबून पाहिले. तरीही बोटभर. माय-लेकी टाळी देऊन पळाल्या. जाता जाता मुलीने पाठीवरची गुलाबी सॅक काढली आणि न बघता माझ्या खांद्यावर अडकवली. अगदी आईसारखी.

मी एकटा बाकावर. शेजारी एक आजी आणि त्यांचा पाचएक वर्षांचा नातू. त्याचे आईबाबा वर गेलेले. त्याला पट्टीने चार बोटांनी नापास केलेलं, त्यामुळे चेहरा फुगलेला. मला गहिवरूनच आलं. सव्वा तास होता हातात. मी त्याला सगळं सांगितलं. चढावर जो कट-कट-कट आवाज येतो तो काही मोडल्याचा नसतो. साखळी तुटली तरी ट्रेन मागे येऊ नये म्हणून खाली दाते असतात, त्यांच्यावरून खटका पडत जातो, तो आवाज. म्हणजे जितकी कटकट तितकी खात्री. कोस्टर नवा असला की आधी पाणी भरलेले पुतळे बसवून फिरवतात. सकाळपेक्षा संध्याकाळी ट्रेन जास्त पळते, कारण दिवसभरात वंगण ऊन झालेलं असतं. फ्रेंच लोक या प्रकाराला 'रशियन डोंगर' म्हणतात आणि रशियन लोक 'अमेरिकन टेकड्या'. म्हणजे जबाबदारी कोणीच घेत नाही. आजूबाजूची दोन-तीन माणसंही ऐकायला सरकली. एकाने अदबीने विचारलं, "सर, तुमचे किती झाले?"

मी दूर पाहिलं. "मी आता मोजत नाही," म्हणालो. खोटं नव्हतं ते.

आणि तेवढ्यात तो पोरगा म्हणाला, "काका, मला अळीत न्या ना."

मी आजींकडे पाहिलं. त्या नको म्हणतील अशी आशा होती. "न्या हो," त्या म्हणाल्या, "मघापासून मागे लागलाय. माझ्या कमरेला नाही जमत, आणि तुम्हाला तर यातलं सगळं माहीत आहे." अळी समोरच होती, बाकावरून सगळी दिसत होती. मी म्हणालो, माझ्याकडे सामान आहे. आजींनी मांडी पसरली आणि म्हणाल्या, "ठेवा इथे."

आयुष्यात पहिल्यांदा माझं सामान दुसऱ्या कोणाच्या मांडीवर होतं. खांदे इतके हलके झाले की एअरटाइम बहुधा तिथेच सुरू झाला.

रांगेत तो माझं बोट धरून उड्या मारत होता. "काका, अळीत ना..." त्याने सुरुवात केली. मी म्हणालो, हो हो, आणि त्याला तीन बाजूंच्या चाकांबद्दल पुन्हा सांगितलं. मुख्यतः स्वतःला. "पण काका, तिथे ना..." मी त्याला जॉन मिलर सांगितला. त्याने सुस्कारा टाकला.

अळीचं आसन पाच वर्षांच्या माणसासाठी बेतलेलं असतं. माझे गुडघे हनुवटीला लागले. दांडा खाली आला तो पोराच्या मांडीपासून वीतभर वर आणि माझ्या पोटाच्या दोन इंच आत थांबला. अळी निघाली. कट. कट. कट.

"काका, हा चांगला आवाज आहे ना?"

"हो."

"मग डोळे का मिटलेत?"

डोळे उघडले ते नेमके माथ्यावर. चार मीटर. घराच्या गच्चीवरून मी याच्या दुप्पट उंचीवर रोज कपडे वाळत घालतो. पण गच्ची पुढे सरकत नाही. मग खाली एक उतार आला, त्याला उतार म्हणायला बायको तयार होणार नाही, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी इतकी वर्षं बाकावरून ऐकत आलो होतो. बेंबीच्या देठापासून, लांबलचक, वर जाणारा. फक्त यावेळी तो जवळून आला.

वळणावर कठडा दिसला. कठड्याशी बायको उभी. दोन्ही खांद्यांवर सॅक, काखेत छत्री, एका हातात चार चष्मे आणि दुसऱ्या हातात वही. शेजारी मुलगी, हसून हसून दुमडलेली. बायकोने एक बोट वर केलं. एक. मीही दांड्यावरचा हात सोडून एक बोट दाखवायचा प्रयत्न केला आणि लगेच पुन्हा दांडा धरला.

मग सपाट रूळ आला, फलाट आला. मी श्वास सोडला, गुडघे सोडवायला लागलो. फलाट आला तसा मागे गेला. बटणापाशी उभ्या माणसाने आम्हाला प्रेमाने टाटा केला. कट. कट. कट.

"काका, दोन फेऱ्या असतात," पोरगा म्हणाला. "मी मघाशी सांगत होतो, पण तुम्ही चाकांचं सांगत होतात."