‘केसरी’चे पहिले संपादक टिळक नव्हते

दरवर्षी जानेवारीत एक मजकूर हमखास फिरतो: ‘लोकमान्य टिळकांनी १८८१ साली केसरी हे पहिले मराठी वर्तमानपत्र एकहाती काढले आणि पहिल्या अंकापासून तेच संपादक होते.’ लोक तो टिळकांवरच्या प्रेमापोटीच पुढे पाठवतात. पण त्यात साल तेवढे बरोबर आहे.

‘पहिले’ हा शब्द तर लगेच खोडावा लागतो. ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन पाळतो तो बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’मुळे. १८३२ साली त्याच तारखेला तो मुंबईत निघाला, पानावर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी घेऊन. पुढे भाऊ महाजनांचा ‘प्रभाकर’ आला, त्यात लोकहितवादींची शतपत्रे छापून आली. खुद्द पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासून होता आणि कृष्णराव भालेकरांचा ‘दीनबंधु’ १८७७ पासून.

‘एकहाती’ म्हणणे हे विष्णुशास्त्री चिपळूणकरांवर अन्याय करणारे आहे. सरकारी नोकरी सोडून आलेले शास्त्रीबुवा, टिळक, आगरकर, नामजोशी अशा मंडळींनी मिळून हा खटाटोप केला. इंग्रजी ‘मराठा’ २ जानेवारीला, रविवारी निघाला आणि मराठी ‘केसरी’ ४ जानेवारीला, मंगळवारी. दोन्ही साप्ताहिके.

आता संपादकाचा मुद्दा, आणि मला खरे दुखते ते इथे. ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर होते, टिळकांकडे ‘मराठा’ होता. याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आहे, अशा आशयाचा मजकूर दोन्ही साप्ताहिकांनी छापला, आणि दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. त्या मजकुरासाठी ज्या चिठ्ठ्यांवर भिस्त होती त्या बनावट ठरल्या. १८८२ साली दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली. ‘केसरी’ जर टिळकांचाच होता, तर त्यातल्या मजकुरासाठी आगरकर तुरुंगात का गेले? मुंबईतल्या डोंगरीच्या तुरुंगातल्या त्या १०१ दिवसांवर त्यांनी पुस्तकही लिहिले.

‘आगरकर नावापुरते होते’ असे कोणी म्हणाले की मी १८८७ कडे बोट दाखवतो. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी, यावरून मतभेद इतके टोकाला गेले की आगरकरांनी त्या वर्षी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. नावापुरत्या माणसाशी कोणी इतकी वर्षे वाद घालत बसत नाही.

त्यानंतरचा ‘केसरी’ मात्र टिळकांचा, यात वाद नाही. त्यातल्या लेखनापायी ते १८९७ साली तुरुंगात गेले आणि १९०८ साली सहा वर्षांसाठी मंडालेला. हे सगळे लखलखीत खरे असताना त्यात आगरकरांची सहा वर्षे घालण्याची गरजच काय? पुढच्या जानेवारीत मजकूर आला, तर पाठवण्याआधी एवढी दुरुस्ती करा: संपादक, १८८१ ते १८८७, गोपाळ गणेश आगरकर.