सुतारखान्यापासून बेरियमपर्यंत

अणुविखंडनाच्या (अणूचं केंद्रक दुभंगण्याच्या) शोधावरचा लेख चांगला आहे, पण त्यातलं 'हानने शोध लावला, माइटनरने अर्थ सांगितला' हे वाक्य खटकलं. ऑटो हान रसायनशास्त्रज्ञ, लीझ माइटनर भौतिकशास्त्रज्ञ. दोघांनी १९०७ पासून बर्लिनमध्ये एकत्र काम केलं, तेही सुरुवातीला एका जुन्या सुतारखान्यात, कारण रसायन संस्थेच्या वरच्या मजल्यांवर बाईमाणसाला प्रवेश नव्हता! युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा करायचं काम १९३४ मध्ये माइटनरच्याच आग्रहाने सुरू झालं. जुलै १९३८ मध्ये ज्यू वंशाची असल्यामुळे तिला जर्मनी सोडावी लागली. निघताना हानने आपल्या आईची हिऱ्याची अंगठी तिला दिली, वेळ पडली तर सीमेवरच्या शिपायांच्या हातावर लाच म्हणून ठेवायला.

युरेनियमवरच्या माऱ्यातून रेडियम तयार होतं असं हानला वाटत होतं. नोव्हेंबरमध्ये दोघं कोपनहेगनला भेटले, तेव्हा 'तुमचं ते रेडियम पुन्हा तपासा' असं तिनेच बजावलं होतं. हान आणि त्याचा सहकारी रसायनशास्त्रज्ञ स्ट्रासमान (याचं नाव लेखात नाहीच!) यांनी तपासलं. सोबतीला घातलेल्या बेरियमपासून ते 'रेडियम' काही केल्या वेगळं होईना, कारण ते बेरियमच होतं, म्हणजे युरेनियमहून कितीतरी हलकं मूलद्रव्य. हानचं पत्र स्वीडनला माइटनरकडे गेलं. नाताळच्या सुट्टीत बर्फात फिरता फिरता माइटनर आणि तिचा भौतिकशास्त्रज्ञ भाचा फ्रिश यांनी एका ओंडक्यावर बसून हिशेब मांडला: युरेनियमचं केंद्रक दुभंगलं, तर सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी ऊर्जा बाहेर पडेल.

१९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हानला. पुढे तोही तिच्या वाट्याबद्दल फारसं बोलला नाही, ते मला जास्त लागतं.